उलटा छापलेला पाय

"हे ज्यानं काढलंय ना, त्याला डावं-उजवं कळत नाय!"

अक्षदा हे एवढ्या मोठ्यांदा बोलली, की मुरबाडच्या त्या हॉलमधल्या दोन शिक्षिका, एक पेन्शनर आणि दारातला चहावाला असे सगळे वळून बघायला लागले. शेजारी उभा असलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक तरुण तेवढा वळला नाही. त्याला वळायची गरजच नव्हती. तो आधीपासून तिच्याकडेच बघत होता.

"कळतं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... तसं कळतं."

"तुम्हाला कोण विचारतंय?"

"मीच काढलंय ते."

दुसरी एखादी असती तर जीभ चावून, 'सॉरी हं' म्हणून सटकली असती. अक्षदाचा राग असा मधेच मागे फिरणाऱ्यातला नव्हता. ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पुरती वळली.

"बरं झालं भेटलात. मग मला सांगा, चित्रातली ही बाई कुठल्या पायावर उभी आहे?"

"उजव्या."

"आणि त्या दिवशी शहापूरला मी कुठल्या पायावर उभी होते?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा असा पडला, की कुणालाही दया आली असती. अक्षदाला आली नाही.

"आयला," तो पुटपुटला. "डाव्या."

खरं तर ती मुरबाडला चित्रं बघायला आलीच नव्हती. एसटी स्टँडसमोर एक चप्पल-दुरुस्तीवाला बसतो. तिच्या नाचाच्या बुटांच्या टोकाला कातड्याचा तुकडा शिवून देणारा अख्ख्या पंचक्रोशीत तो एकटाच. त्याने 'तासाभरानं या' म्हटलं, म्हणून ती पंख्याखाली बसायला 'छापचित्रांचे प्रदर्शन' असा फलक लावलेल्या हॉलमध्ये शिरली. आणि तिसऱ्या भिंतीवर तीच! हातभर उंच, काळ्याभोर शाईत, दोन्ही हात पसरलेले, एक पाय मागे आडवा उचललेला आणि दुसरा बोटांच्या टोकावर ताठ. खाली नाव, 'अक्षदा, शहापूर'. नाव बरोबर, फ्रॉक बरोबर, पाय चुकलेला.

आता कोणी म्हणेल, पायाचं एवढं काय! डावा काय नि उजवा काय. पण अक्षदापाशी हे बोलायचं धाडस करू नये.

अक्षदा भातसानगरची. वडील ज्ञानेश्वर धरणावर कामाला. अकराव्या वर्षापासून ती आईचा हात धरून दर शनिवारी ठाण्याला बॅले शिकायला जायची. बॅले म्हटल्यावर 'म्हणजे तो पोटाचा नाच का?' असं विचारून गालात हसणारे लोक तिने पंधरा वर्षं सहन केले होते. पुढे मुंबईच्या एका नृत्यसंघात तिची निवड झाली. दीड वर्षापूर्वी तालमीत ती पडली आणि डाव्या घोट्याचं लिगामेंट फाटलं. संघाच्या बाई अगदी गोड आवाजात 'आता विश्रांती घे' म्हणाल्या आणि आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली. डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, पळशीलसुद्धा, पण त्या पायाच्या टोकावर उभं राहणं आता विसर.

ती विसरली नाही. धरणाच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये तिने लहान मुलींचा क्लास सुरू केला, आणि मुली घरी गेल्या की स्वतःच्या घोट्याशी भांडत बसायची. डिसेंबरात शहापूरच्या एका कार्यक्रमात ती डाव्या पायाच्या टोकावर चढली आणि उभी राहिली. त्या क्षणासाठी तिने चौदा महिने दात-ओठ खाल्ले होते. आणि या माणसाने तिला उजव्या पायावर उभी केली!

"लाकडात कोरलेलं कागदावर उलटं उमटतं," तो सांगू लागला. त्याचं नाव आदेश. सरळगावजवळच्या गावचा, शाळेत चित्रकला शिकवणारा. "रबरी शिक्का असतो ना, तसं. म्हणून कोरतानाच उलटं कोरायचं असतं. ते राहिलं."

"मग नाव कसं सुलट आलं?"

आदेशने दुमडलेली बाही आणखी वर सारली.

"बोला ना. नाव कसं सुलट आलं?"

"अक्षरं उलटी कोरायची सवय हाये हाताला..."

"म्हणजे अक्षरं लक्षात राहिली आणि माणूस राहिलं नाय!"

"माणूसच तर राहिलं," तो एकदम बोलला, आणि कानापर्यंत लाल झाला. "त्या दिवशी स्टेजचा पडदा मी रंगवलेला, म्हणून कडेला उभा होतो. घरी गेलो, कागद घेतलाच नाय. सरळ लाकडावर काढलं, तसंच कोरलं. थांबलो असतो तर... गेलं असतं डोळ्यांपुढनं."

त्याच्या त्या लाल कानांचा अक्षदाला आणखी राग आला.

"दुसरं करा," ती म्हणाली. "हे उतरवा आणि दुसरं करा. नाव आदेश आहे ना तुमचं? मग हा माझा आदेश समजा."

एवढं बोलून ती बूट आणायला निघून गेली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की चित्रातला चेहरा आपण नीट पाहिलाच नाही.

*

चित्र उतरलं, पण उशिरा. त्याआधीच मुरबाडला माहेर असलेल्या कुणा उत्साही बाईने त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, 'आपली अक्षदा!' म्हणून, खाली पाच बदाम. अर्ध्या तासात सत्तर अंगठे आले. आणि एकाहत्तरावा आला तो अंगठा नव्हता, सरिताबाईंचा मेसेज होता. 'म्हणजे उजव्या पायावरच उभी होती तर. डाव्याचं काय मग?'

सरिताबाई म्हणजे क्लासमधल्या भूमिकाची आई. शहापूरच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलेली. कॉलनीतल्या वीस बायका त्या दिवशी समोर होत्या, आणि कुठला पाय होता हे एकीलाही सांगता येईना! त्यांनी हात पाहिले होते, फ्रॉक पाहिला होता, केसातली पांढरी फुलं पाहिली होती. सरिताबाईंनी काढलेल्या व्हिडिओत पुढे येऊन उभ्या राहिलेल्या बाईचा अंबाडा होता. पण फोटो आला आणि सगळ्यांना एकदम आठवलं, हो हो, उजवाच होता, मी बघितलाय ना.

"मी सांगतो ना, डावा होता," ज्ञानेश्वर सांगत फिरले. बापाचं कोण ऐकतो?

तिसऱ्या दिवशी भूमिका क्लासला आली नाही. चौथ्या दिवशी आणखी दोघी आल्या नाहीत. आणि हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्या जयरामकाकांनी अक्षदाला बोलावून घेतलं.

"राग मानू नको बाय," काका म्हणाले. "बायका बोलतात, हिचा स्वतःचा पाय अधू, नि ही आमच्या पोरींना बोटांवर उभं करते. उद्या एखादीचा पाय मोडला तर जबाबदार कोण? रविवारी मीटिंग ठेवलीय. तू एकदा सगळ्यांपुढं डाव्या पायावर उभी राहून दाखव, विषय मिटला."

"मी म्हसा गावच्या जत्रेतला विकाऊ बैल आहे का, चालवून दाखवायला?"

"तसं नाय गो..."

"तसंच आहे! आणि दाखवलं नाय तर?"

काका खाली बघत किल्ल्या चाळवत राहिले. म्हणजे हॉल बंद. क्लास बंद. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या, आणि ती आग कुणावर ओतायची हे ठरवायला तिला दारापासून फाटकापर्यंतचं अंतर पुरलं. प्रदर्शनाच्या पत्रकावर नंबर होता.

"हॅलो? आदेश? ऐक," ती म्हणाली. अहो-जाहो करण्याएवढा दम तिच्यापाशी उरला नव्हता. "तुझ्या त्या चित्रामुळे माझा क्लास चाललाय. लोकांना माझा पाय आठवत नाय, तुझं चित्र आठवतं. रविवारच्या आत मला बरोबर चित्र पाहिजे. कसं करतोस ते कर."

"तुमाला परत उभं राहावं लागेल. मला बघून काढावं लागेल."

"का? डोळ्यांपुढनं गेलं वाटतं?"

"गेलं नाय," तो म्हणाला. "पण आता माझा माझ्यावर भरवसा नाय."

*

हॉलच्या भिंतीला दोन उंच आरसे होते, आसनगावच्या बंद पडलेल्या सलूनमधून आणलेले. एकाच्या कोपऱ्यात 'कटिंग-दाढी' अजून चिकटलेलं. सोमवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर आदेश किन्हवलीमार्गे बाइक हाणत आला आणि आरशाकडे तोंड करून, अक्षदाच्या मागे, जमिनीवर मांडी घालून बसला.

"मागे काय बसतोस? समोरून काढ ना."

"आरशातलं काढतो. आरसा एकदा उलटं करणार, ठसा परत उलटं करणार. झालं सुलट."

"आणि तुझं डोकं कोण सुलट करणार?"

"त्याच्यासाठी तुमी हायत ना," तो पेन्सिलीला टोक करता करता म्हणाला. आरशात तिची नजर त्याच्यावर पडली, त्याचीही नेमकी तेव्हाच वर आली, आणि दोघांनीही ती घाईघाईने 'कटिंग-दाढी'वर नेली.

असं चार संध्याकाळी चाललं. दोघं एकमेकांकडे थेट बघतच नव्हते. जे काय भांडण व्हायचं ते आरशातून.

"हनुवटी जरा खाली."

"पाय काढायला आलायस ना? हनुवटीचं काय काम?"

"पाय हनुवटीला जोडलेला असतो."

"कुठल्या शाळेत शिकवतोस रे तू हे?"

"आणि... हसू नका."

"मी कुठे हसतेय?"

"मघाशी हसलात. नाचताना तुमी हसत नाय."

तो येताना रुमालात बोरं बांधून आणायचा, घरामागच्या टेकडीवरची. अक्षदा दर बोराला नाक मुरडायची, अर्धी किडकी आहेत म्हणायची, आणि तो निघेपर्यंत रुमाल रिकामा झालेला असायचा. एकदा त्याला यायला वीस मिनिटं उशीर झाला, तर ती फाटकापर्यंत तीन वेळा जाऊन आली. तो आल्यावर मात्र, 'आज आला नसतास तरी चाललं असतं' हे तिने चांगलं ठसक्यात सांगितलं. तो नुसता हसला, आणि त्या हसण्याचाही तिला राग आला. असे राग किती प्रकारचे असतात हे तिला त्या आठवड्यात कळत होतं.

पण एक गोष्ट ती टाळत होती. हात काढून झाले, मान झाली, मागे उचललेला पाय झाला. ज्यावर उभं राहायचं तो पाय राहिला होता. गुरुवारी आदेशने पेन्सिल खाली ठेवली.

"आता चढा."

अक्षदाने बुटांच्या नाड्या आवळल्या. श्वास घेतला. डाव्या पायाच्या टोकावर चढली. एक, दोन, तीन, चार... आणि घोटा थरथरला, टाच जमिनीला टेकली. परत चढली. तीन. परत. चार. चौथ्यांदा तिचा तोल गेला आणि तिने आरशाच्या चौकटीला धरलं.

"बघू नकोस!" ती ओरडली.

तो बघत नव्हता. त्याने मान केव्हाच खाली घातली होती.

"झालं समाधान?" ती आरशातल्या त्याच्या डोक्याला म्हणाली. "त्या दिवसानंतर नाय जमलं. रोज करते. चाराच्या वर जात नाय. आयुष्यात एकदाच झालं... नऊ मोजले होते मी. नऊ! आणि ते एकदाचं तू उलटं छापलंस. आता कोणाला दाखवू मी ते? रविवारी काय दाखवू?"

आदेशने मांडी सोडली. तो उठला, पुढे आला, आणि पहिल्यांदाच आरसा सोडून तिच्या समोर उभा राहिला. हात पुढे केला, मधेच थांबवला.

"मी मीटिंगला येतो," तो म्हणाला. "सांगतो त्यांना."

"अजिबात यायचं नाय. माझी लढाई आहे ती. तू आलास तर परत तोंड बघणार नाय तुझं."

"बरं," तो म्हणाला. पण 'बरं' म्हणताना त्याने मान हलवली नव्हती, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

*

रविवारी अकराला हॉल भरला. सतरंजीवर बायका, खुर्च्यांवर पुरुष, मधे टेबल. जयरामकाकांनी घसा साफ केला. अक्षदा भिंतीला टेकून उभी होती, साध्या सलवार-कमीजमध्ये, बूट न आणता.

"माझं कोणाशी वैर नाय," सरिताबाई म्हणाल्या. "पण आईचं काळीज हाये. पोरीचा पाय म्हणजे..."

"नऊ-दहा वर्षांच्या पोरींना मी टोकावर उभं करतच नाय, सरितामावशी," अक्षदा मधेच तोडत म्हणाली. "बारा वर्षांच्या आत कोणीच करत नाय. चार महिन्यांत तुम्ही एकदा तरी क्लास बघायला आलात?"

"आवाज कशाला चढवतेस गो? साधं सांगितलंय, उभी राहून दाखव."

तेवढ्यात दारात बाइक थांबली. खांद्यावर रेक्झिनची पिशवी घेऊन आदेश आत आला. अक्षदाने त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर तिथूनच परत गेला असता. तो सरळ टेबलाशी गेला. पिशवीतून त्याने मुरबाडच्या त्या चित्राचा कोरलेला लाकडी ठोकळा काढला, शाईची डबी काढली, रूळ काढला.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"ते चुकीचं चित्र माझं हाये," तो म्हणाला. "दोन मिनिटं द्या."

त्याने ठोकळा सगळ्यांपुढे उभा धरला. "बघा. ह्याच्यात कुठला पाय जमिनीवर हाये?"

"डावा," काका चष्मा सरसावत म्हणाले.

मग त्याने ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद टाकला, वरून चमच्याच्या पाठीने घासला आणि टोकाला धरून कागद सोलून काढला. उजवा पाय! सतरंजीवर कुजबुज झाली. काकांनी ठोकळ्याला बोट लावून बघितलं आणि शाईचं बोट धोतराला पुसलं.

"मी बघितलं ते लाकडात हाये," आदेश म्हणाला. "कागदावर उलटा झाला तो माझा गाढवपणा. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात ह्याच चित्राची निवड झालेली. मी काल पत्र पाठवून काढून घेतलं."

अक्षदा दचकली. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"ते लाकडाचं उलटसुलट आमाला काय कळत नाय बाबा," सरिताबाई म्हणाल्या. "ती समोर हाये ना? तिलाच दाखवू दे."

आणि मग जे झालं त्याची अक्षदाला कल्पना नव्हती. चार दिवस तिचा प्रत्येक टोमणा हसून झेलणारा हा माणूस भडकला.

"नाय दाखवणार ती!" त्याने रूळ टेबलावर आपटला. "का दाखवायचं? तुमी तिथं होतात मावशी, पहिल्या रांगेत! तुमच्यापुढं उभी राहिली ना ती? तेव्हा तुमी मोबाईल बघत होतात. सगळेच मोबाईल बघत होते. मी कडेला होतो, मी तिला बघत होतो. तिला नऊच वाटतात, पण अकरा मोजेपर्यंत उभी होती ती. जबडा आवळलेला, डोळे लाल, कोणावर तरी धावून जायचं असल्यासारखी. लोक नाचताना हसतात. ही स्वतःच्या पायावर चिडून उभी होती. असं कधी बघितलं नाय मी... तुमी बघायला पायजे होतं."

सरिताबाईंनी हातातला मोबाईल पदराखाली सारला. अक्षदाची नजर टेबलावरच्या ओल्या कागदावर गेली. आता तिने तो चेहरा पाहिला. आवळलेला जबडा, भुवयांमधली ती आठी. स्टेजवर ती शोभेचं हसू आणायचं विसरली होती, हे तिचं तिलाच माहीत होतं आणि त्याची तिला मनातून लाज वाटत होती. या माणसाने तेच कोरलं होतं, रेघन्‌रेघ, आणि सुंदर म्हणून कोरलं होतं.

"थांब," ती म्हणाली आणि पुढे आली. "आता मी बोलते. त्या दिवशी उभी राहिले ते खरं आहे. त्यानंतर रोज उभी राहते आणि रोज चार मोजून खाली येते. आजही दाखवलं असतं तर चारच. घ्या, सांगून टाकलं! पण तुमच्या पोरींना मी काय शिकवते ते माझा पाय नाय ठरवत. पडलं की कसं उठायचं ते ह्या कॉलनीत माझ्याहून जास्त कोणाला येत असेल, तर त्याला द्या हॉल. मी आज किल्ली मागणार नाय."

मग जयरामकाकांनी बायकांकडे वळून विचारलं, "खरं सांगा, फोटो यायच्या आधी कोणाला पाय आठवत होता?"

एकही हात वर आला नाही. दोघी-तिघी पदराशी चाळा करत बसल्या.

"मग पाय सोडून आपण चित्राचीच मीटिंग घेतली म्हणायची," काका म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली. "क्लास चालू राहील. ज्यांना पोरी पाठवायच्या नसतील त्यांनी नका पाठवू."

सरिताबाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "चाराचं आधीच सांगायचं ना गो. माझं पण गुडघ्याचं झालंय, मला काय कळत नाय?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. भूमिका परत येईल की नाही, ते काही त्या बोलल्या नाहीत.

*

हॉल रिकामा झाला. आदेश शाईचे हात चिंधीला पुसत होता. अक्षदाने दार लोटलं आणि त्याच्याकडे वळली.

"नको म्हटलं होतं ना मी?"

"बोलला होतात."

"तरी आलास!"

"हो."

"आणि मुंबईचं प्रदर्शन? ते कोणाला विचारून सोडलंस? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझं काही तिकडे निवडलं गेलं असेल, आणि तू..."

"दुसरा ठसा होईल ना. आरशातला. पुढल्या वर्षी पाठवीन." त्याने चिंधी घडी करून ठेवली. "चुकीच्या पायावर उभी तुमी मला नको होतात तिथं."

"हेच! हेच मला आवडत नाय!" ती जवळजवळ किंचाळली. "असं काहीतरी बोलतोस आणि मग माझं डोकं दिवसभर ठिकाणावर राहत नाय. मला तुझा राग येतो, कळतंय? रोज येतो. पाच वाजले की येतो. तू उशीर केलास की येतो, तू निघालास की येतो, आणि परवा नि काल तू आलाच नाहीस, तर काल सगळ्यात जास्त आला. किडक्या बोरांचा राग येतो. त्या हसण्याचा येतो. एवढा राग मला घोट्याचासुद्धा नाय आला कधी!"

आदेश ऐकत उभा होता. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजाडत होतं. "हे..." तो अडखळला. "हे रागवणं हाये, का दुसरं काय...?"

"तुला डावं-उजवं कळत नाय, हे कसं कळणार!"

तिने चपला भिरकावल्या, कोपऱ्यातल्या कपाटातून जुने बूट काढले आणि नाड्या बांधू लागली.

"आता काय?"

"त्यांना दाखवायचं नव्हतं. तुला दाखवते." ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, आरशाकडे पाठ करून. "मोज."

ती चढली. डाव्या पायाच्या टोकावर, हात पसरून, जबडा आवळून. घोटा भणाणला, तिने त्याला मनातल्या मनात शिवी हासडली, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर नजर रोवली. तो इतका जवळ होता, की त्याच्या गालावरचा शाईचा डाग तिला दिसत होता. मग टाच खाली आली. पडता पडता तिने त्याचा खांदा धरला आणि त्याने तिचा हात.

"किती झाले?" तिने धापा टाकत विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आदेश! किती?"

"मोजले नाय."

"काय?"

"विसरलो."

"मी इथे जीव तोडून उभी आणि तू विसरलास? मग करत काय होतास इतका वेळ?"

"तुला बघत होतो," तो म्हणाला. इतक्या दिवसांचं 'तुमी' कुठल्या कुठे गेलं होतं, आणि ते गेल्याचं त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. "अक्षदा, मी... मुरबाडला तू ओरडलीस ना, त्याच्या आधीपासून. शहापूरपासनं. तुलाच बघतोय."

अक्षदाने त्याच्याकडे चांगलं रागावून पाहिलं. निदान तसा प्रयत्न केला. पण ओठ काही ऐकेनात, आणि डोळे भरून आले ते वेगळंच. त्याच्या खांद्यावरचा हात तिने काढला नाही.

"मग मोजू नकोस," ती म्हणाली. "नुसतं बघ."

आणि ती परत डाव्या पायावर चढली.